तिकिटावरची गाठ

पोस्टाच्या खिडकीमागच्या कारकुनानं ते तिकीट माझ्यापुढं सरकवलं आणि मोठ्या कौतुकानं म्हणाला, "बाई, बघा तरी. नवीन आलंय. कित्तूरच्या लढाईला दोनशे वर्षं झाली न्हवं का, त्याचं हाय." मी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. मागं किल्ला, धूर, दोन तोफा आणि पळणारे गोरे शिपाई. पुढं पांढऱ्या घोड्यावर राणी, उजव्या हातात उगारलेली तलवार. सगळं लढाईला शोभेल असंच होतं. पण राणीचा डावा हात लगामावर नव्हता. तो घोड्याच्या आयाळीत होता, मूठ गच्च आवळलेली. लढाईवर निघालेली राणी आयाळ धरत नाही, घोड्यावर पहिल्यांदा बसलेली भेदरलेली पोरगी धरते. कमरेला सोनेरी पट्टा होता आणि त्या पट्ट्याच्या डाव्या अंगाला एक फुगीर नक्षी. चित्रकाराला तो दागिना वाटला असणार. तो दागिना नव्हता. ती आमच्या आप्पांनी मारलेली गाठ होती आणि घोड्यावर बसलेली पोरगी माझी आक्का होती.

"किती आहेत तुमच्याकडं?" मी विचारलं. "हायत की भरपूर. किती देऊ?" तो म्हणाला. मी म्हणाले, "सगळी द्या." तो खूश झाला. बाईंचा अभिमान बघा, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असेल. माझ्या मनात एवढंच होतं, की हे चित्र आमच्या घरात शिरता कामा नये. आईनं आणि आप्पांनी हयातभर ते उंबऱ्याबाहेर ठेवलं, ते गेल्यावर ही राखण माझ्याकडं आली. आक्कानं हे चित्र बघायचं नाही, बस्स. एका म्हातारीनं एका खिडकीतली तिकिटं विकत घेऊन देशातली तिकिटं संपत नाहीत, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी शाळेत गणित शिकवलेलं आहे. तरीही पाकीट पिशवीच्या तळाशी, भाजीखाली घालून मी घरी आले आणि ते माझ्या ट्रंकेत लुगड्यांखाली दडपलं.

हे सगळं समजायचं तर निपाणीच्या आमच्या घरात जावं लागेल. घर कसलं, एक खोली आणि पुढं पत्र्याची पडवी. पडवीत आई आणि आक्का विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. दिवसभर कात्रीचा कुरकुर आवाज आणि मधूनच आईचा खोकला. या दोन आवाजांवर मी पाढे पाठ केले. आक्काचा हात आईपेक्षा चपळ होता. पान कापलं, तंबाखू भरली, वळलं, दोरा गुंडाळला, अंगठ्याच्या नखानं तोंड मुडपलं, की विडी सुपात. त्या कामासाठी तिनं अंगठ्याचं नख वाढवलेलं होतं. तंबाखूची कडवट चव आमच्या हातांना कायमची बसलेली. आई भाकरी थापायच्या आधी राखेनं हात घासून घासून धुवायची, पण भाकरी तशीच कडसर लागायची, वर खर्डा घातला तरी. पुढं नोकरीला लागून मी दुसऱ्यांच्या घरी जेवायला लागले तेव्हा मला कळलं, की भाकरीची मूळ चव गोडसर असते. अजूनही ती गोड भाकरी मला परक्या घरची वाटते.

आप्पा तंबाखूच्या वखारीत गठ्ठे बांधायचे. बुटका, रुंद, गप्प माणूस. घरात त्यांचा आवाज फारसा नसायचा, पण वखारीत त्यांचं नाव होतं ते त्यांच्या गाठीमुळं. त्यांनी बांधलेला गठ्ठा ट्रकमधून कुठल्याही मुलखात जावो, वाटेत आदळो, आपटो, ढिला पडायचा नाही. त्या गाठीची खुबी अशी होती, की ती ओढाल तेवढी आवळत जायची. माल पोचला की घेणाऱ्यानं दोर सुरीनं कापायचा, गाठ सोडायच्या भानगडीत पडायचं नाही. "आप्पा, ही सोडायची कशी?" मी एकदा विचारलं होतं. ते हसले. "सोडायची असती तर अशी बांधली असती व्हय?" म्हणाले. माझ्या आठवणीत आप्पा गर्वानं बोललेलं तेवढं एकच वाक्य आहे.

आणि आक्का. शेवंता तिचं नाव, पण मी आक्काच म्हणायचे. ती चालायचीच नाही, पळायची. नळावरून दोन घागरी घेऊन येताना पळायची, दुकानात पळत जायची, शाळेतून पळत यायची. आई ओरडायची, "पोरी, जरा पाय आवर, लोक काय म्हणतील?" आक्का म्हणायची, "लोकं म्हणूस्तवर मी घरात येतो की." बोलताना ती आमच्याकडच्या बायकांसारखी येतो-जातो असंच बोलायची, मी शहाणी होऊन येते-जाते करायला लागले तर मला चिडवायची. तिची मॅट्रिक व्हायची होती. मॅट्रिक झाली की बेळगावला नर्सचं शिकायचं, हे तिनं स्वतःशी ठरवून टाकलेलं होतं. घरात कुणाला विचारलेलं नव्हतं, पण कुणी नाही म्हणेल असं तिला वाटतच नव्हतं.

आईचं माहेर काकतीच्या पलीकडं, चार घरांत मराठी आणि चार घरांत कानडी बोलणारं एक खेडं. कित्तूरची राणी त्या बाजूची लेक, म्हणून दसरा-दिवाळीच्या मधे तिथं राणीची मिरवणूक निघायची. पुढं बेळगावात राणी कुणाची, गाव कुणाचं, भाषा कुणाची यावरून माणसं हमरीतुमरीवर आलेली मी पाहिली. तसलं बोलणं निघालं की मी उठून जाते. माझ्या आजोळी तो प्रश्नच नव्हता. राणी ही माहेरवाशीण, एवढंच त्यांना ठाऊक. आणि म्हणूनच घोड्यावर राणी म्हणून बसायचा मान गावातल्या मुलीला नाही, तर गावाच्या लेकीच्या लेकीला. दर वर्षी एका घरचा. त्या वर्षी मामा निपाणीला आला तोच पिशवीभर ओल्या शेंगा घेऊन आणि पडवीत टेकायच्या आधी आईला म्हणाला, "आक्के, औंदा तुझ्या शेवंताला बसवायचं ठरलंय. समद्या गावानं एका तोंडानं सांगितलंय." आईचे हात सुपावर थांबले. दिवसा कामाच्या वेळी तिचे हात थांबलेले मी पहिल्यांदाच बघत होते. उकडलेल्या शेंगा खात आम्ही त्या दिवशी जेवलोच नाही. आक्का आरशासमोर उभी राहून लाटणं उगारून बघत होती.

त्या गावाची एक समजूत होती. राणीला वेशीवर घोड्यावर चढवायचं आणि देवळाच्या पायरीशीच उतरवायचं, तेही तिच्या बापानं. मधे कुठं राणी घोड्यावरून घसरली, तर गावाचा मान घसरला. आदल्या वर्षी एक पोरगी वळणावर घसरलेली. तिला साधं खरचटलंही नव्हतं, पण त्या वर्षी गुरांना रोग आला आणि लोकांच्या मनात ती गोष्ट रुतून बसली. मामा म्हणाला, "औंदा आमी बांधूनच बसवणार. म्हंजे इषय मिटला." आप्पा कोपऱ्यात बसलेले होते. ते म्हणाले, "मग मी बांधतो. माझी गाठ सुटत न्हाय." मामानं त्यांच्या पाठीवर थाप मारली. मला अजून ती थाप ऐकू येते. त्या घरात त्या दुपारी आम्ही सगळे फार आनंदात होतो, हे मला लिहून ठेवायचं आहे, कारण आता ते सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

मिरवणुकीच्या सकाळी आजोळच्या घरात पोळ्यांचा घमघमाट होता. कटाची आमटी चुलीवर उकळत होती. मामीनं आक्काला हिरवं नऊवारी नेसवलं, गावातल्या बायकांनी आपापले दागिने आणून तिच्या अंगावर चढवले. तलवार पत्र्याची होती, डबे करणाऱ्यानं कापून दिलेली, मुठीला सोनेरी कागद. पुढं चालणाऱ्या सैन्याकडं लाकडी तलवारी आणि पुठ्ठ्याच्या ढाली. घोडा बेळगावचा, लग्नाच्या वरातीतला, बँडला सरावलेला. वेशीवर आप्पांनी आक्काला उचलून वर बसवलं. मग खोगिराच्या दोन्ही अंगांच्या कड्यांतून जाड सुती शेला ओवून तिच्या कमरेभोवती दोन वेढे घेतले आणि डाव्या बाजूला गाठ मारली. पाय रोवून, दात आवळून, वखारीत मारायचे तशी. मामीनं वरून जुन्या शालूचा पिवळा रेशमी पदर फिरवला, तरी गाठीचा फुगवटा दिसतच होता. बायकांनी घोड्याच्या पायांवर पाणी घातलं, आक्काला ओवाळलं. आप्पांनी स्वतःच्या मुलीच्या पायांवर डोकं ठेवलं, कारण ती आता राणी होती. बेळगावहून बोलावलेल्या फोटोवाल्यानं सगळ्यांना बाजूला सारलं आणि म्हणाला, "हां, तलवार वर." आक्कानं तलवार वर केली. डाव्या हातानं तिनं आयाळ धरली होती. तोच तो फोटो.

फोटो झाल्यावर तिनं मला खूण करून जवळ बोलावलं. हसत होती, पण ओठ पांढरे पडलेले. "सुमे, लई उंच वाटाय लागलंय गं. आप्पास्नी सांग की, जरा खाली उतरवा म्हणावं." मी पळत जाऊन आप्पांना सांगितलं. आप्पा तिच्याजवळ गेले, तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "भिऊ नगं बाळा. काय बी झालं तरी तू पडणार न्हाईस." तिनं मान डोलावली. आप्पांवर तिचा विश्वास होता. माझाही होता.

हलगी सुरू झाली, झांजा सुरू झाल्या, घोडा शांतपणे चालत होता. चावडीपाशी लढाईचा देखावा होता. गोरे शिपाई झालेली मंडळी चुन्यानं तोंडं रंगवून उभी होती. तोफ म्हणून लोखंडी उखळी दारूनं ठासून ठेवलेली. दर वर्षी उखळी देवळामागं उडवायचे, त्या वर्षी लढाई खरी वाटावी म्हणून ती रस्त्यावर आणली होती. बार उडाला तो घोड्यापासून चार हातांवर. घोड्याला बँड माहीत होता, उखळी माहीत नव्हती. तो दोन पायांवर उभा राहिला आणि सुटला. आक्का पडली असती तर त्याच जागी, धुळीत, बायकांच्या गर्दीत पडली असती. हात मोडला असता फार तर. पण ती पडली नाही. खोगीर फिरलं आणि त्याच्याबरोबर आक्काही फिरली, घोड्याच्या पोटाखाली गेली आणि तशीच बांधलेली, दगडी रस्त्यावरून ओढली गेली. मागं अख्खं गाव धावत होतं, कुणी "धरा, धरा" ओरडत होतं, कुणी तेच कानडीत, "हिडी, हिडी". घोडा विहिरीच्या वळणावरून जोंधळ्यात शिरला आणि तिथं अडकला.

मी पोचले तेव्हा दोघातिघांनी घोडा धरलेला होता, तो अजून लाथा झाडत होता. आक्का खाली लोंबकळत होती, शुद्धीवर होती. ती ओरडत नव्हती, "सोडा, सोडा" असं हळू आवाजात म्हणत होती. लोक गाठीशी झटत होते. जो येईल तो ओढत होता आणि गाठ आणखी आवळत होती. आप्पा आले. त्यांनी सगळ्यांना ढकललं आणि गाठीला हात घातला. बोटांनी होईना, मग दात लावले. ज्या माणसाची गाठ वखारीत सुरीशिवाय सुटत नव्हती, तो स्वतः त्या गाठीत दात घालून रडत होता आणि म्हणत होता, "सुटंना रं. सुटंना रं देवा." भोवती सैन्य उभं होतं. सगळ्यांच्या हातात तलवारी होत्या आणि एकही कापणारी नव्हती. शेवटी रानात भांगलणारी एक बाई खुरपं घेऊन आली, तिनं शेला कापला. तोवर घोड्यानं जे करायचं ते केलं होतं.

बेळगावला नेलं, तिथून मिरजेला. मणका गेला, असं डॉक्टरांनी सांगितलं. आक्का जगली. निपाणीला परत आणली ती बाजेवर. कमरेखाली तिला काहीच कळत नव्हतं. पडवीत तिची बाज टाकली आणि काही महिन्यांनी एक दिवस तीच म्हणाली, "आई, सूप दे हिकडं." सूप पोटावर ठेवून ती उताणी पडल्या पडल्या विड्या वळायला लागली. हात तितकेच चपळ होते. मी समोर बसून शाळेचा अभ्यास करायचे आणि तिच्याकडं बघायचं टाळायचे. नर्सचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. मॅट्रिकचंही नाही.

कुणीतरी वाईट वागलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आयुष्यभर वाटत आलं आहे. कुणाला तरी शिव्या देता आल्या असत्या. मामानं मान मिळवून दिला, मामीनं रेशमी पदर दिला, गावानं पायांवर पाणी घातलं आणि आप्पांनी जिवापाड जपून बांधली. सगळ्यांनी मायाच केली. त्या मायेत कुठं बोट ठेवावं हे मला अजून कळलेलं नाही, आणि या वयात कळेल अशी आशाही नाही.

आप्पांनी त्यानंतर कधीही गाठ मारली नाही. वखारीत त्यांना झाडलोटीचं काम दिलं. पिशवीचं तोंड बांधायचं झालं तरी ते ती माझ्यापुढं धरायचे. आक्काशी ते बोलायचे, तिची कूस बदलायचे, तिचे पाय तासन्‌तास चोळायचे, पण नजर कायम तिच्या कमरेच्या वर किंवा खाली. अशात एका दिवाळीला आम्ही ज्या कारखान्याच्या विड्या वळायचो त्यांचं कॅलेंडर घरी आलं. आईनं आक्काकडं पाठ करून गुंडाळी उलगडली आणि पडवीतून आत आली. तिच्या चेहऱ्यावरून आप्पांनी ओळखलं. फोटोवाल्यानं तो फोटो दुकानाच्या काचेत लावला होता, तिथून तो कुणी चित्रकारानं उचलला, चेहरा बदलला, घोडा पांढरा केला. बाकी सगळं तेच. आप्पांनी कॅलेंडर चुलीत घातलं आणि जळून जाईपर्यंत तिथून हलले नाहीत. "तिच्या नजरंला हे पडू द्यायचं न्हाय," ते आईला म्हणाले. "माझी शपथ हाय तुला." पडवीतून आक्काचा आवाज आला, "काय जाळताय गं?" आई म्हणाली, "काय न्हाय, पानांचा कचरा."

चित्र मात्र फिरत राहिलं. शाळेच्या भिंतीवर, जत्रेच्या कमानीवर, पुस्तिकांच्या मुखपृष्ठावर. नकलेची नक्कल, तिची नक्कल. माझ्याच शाळेत एका वर्षी ते स्टाफरूममध्ये लागलं आणि मी सेवानिवृत्त होईपर्यंत त्याच्याकडं पाठ करून बसले. आक्का घराबाहेर जात नव्हती, म्हणून आमचं काम सोपं होतं, असं म्हणायलासुद्धा लाज वाटते. आप्पा गेले, आई गेली. मी आक्काला बेळगावला माझ्याकडं आणलं, खिडकीशी तिची खाट लावली. माझं लग्न झालं नाही, ते मी त्याग म्हणून सांगत नाही. एका खाटेभोवती आयुष्य गेलं, इतकंच. आक्काचे केस पांढरे झाले, हात आखडले, विड्या केव्हाच सुटल्या. अंगठ्याचं नख तेवढं ती अजून वाढवते. सवय.

आणि गेल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात पीठ मळत असताना पोस्टमन आला. तो पत्रं खिडकीच्या गजांतून आक्काच्या पांघरुणावरच टाकतो. "सुमे, मामाच्या नातवाची पत्रिका आलीया गं," ती म्हणाली. "माझ्या नावानं धाडलीया बघ, पयल्यांदा." तिचा आवाज खुशीत होता. मग एकदम गप्प झाली. मला काय ते कळलं. त्या मुलाला बिचाऱ्याला काय ठाऊक, आपल्याकडच्या राणीचं तिकीट निघालं म्हणून हौसेनं लावलं असणार. मी पिठाचे हात घेऊन दारात आले. आक्कानं पाकीट डोळ्यांशी धरलं होतं. पोस्टाचा शिक्का कडेला पडला होता, चित्र लख्ख दिसत होतं.

"ह्यो हात माझा हाय," ती म्हणाली.

मी म्हणाले, "व्हय."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"आप्पास्नी?"

मी मान डोलावली. ती रडेल असं मला वाटलं, आप्पांना काही बोलेल असं वाटलं. चष्मा काढून तिनं पाकीट आणखी जवळ घेतलं आणि अंगठ्याचं ते नख राणीच्या कमरेवर, डाव्या बाजूला टेकवलं. मग हळूहळू खरवडायला लागली. सोनेरी रंगाची खपली निघाली, खालचा पांढरा कागद दिसायला लागला, तरी ती थांबेना. मी "आक्का, राहू दे" म्हणत तिच्या मनगटाला हात लावला. तिनं तो झटकला नाही. नुसतं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत जोंधळ्यातली ती सकाळ जशीच्या तशी होती.

"सुटंना गं, सुमे," ती म्हणाली.